सूट मिळेल, पण पलटणीमुळे नव्हे

प्रश्न : मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जन्म १९६८ चा, शेती औसा तालुक्यात. मुलगा अमेरिकेत टेक्सासला नोकरीला आहे. दिवाळीनंतर टुरिस्ट व्हिसावर त्याच्याकडे जातोय. त्याचे मित्र रानडुकरांच्या शिकारीला नेणार आहेत. तिथं शिकारीचा कोर्स करावा लागतो, पण फौजी आणि पोलिसांना तो माफ आहे म्हणे. माझं पेन्शनबुक दाखवून भागेल का?

उत्तर : सुभेदारसाहेब, पेन्शनबुक घरीच ठेवा. टेक्सासची माफी अमेरिकी सैन्यातल्यांना, तिथल्या नॅशनल गार्ड-स्टेट गार्डला (म्हणजे राज्याच्या फौजेला) आणि त्यांच्याच कायद्यात बसणाऱ्या पोलिसांना आहे. आपली पलटण त्यात येत नाही. उभी नोकरी पोलीस शस्त्रागारात काढलेला मीही येत नाही.

तरी तुम्हाला कोर्स लागणार नाही, तो जन्मतारखेमुळे. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच तिथं कोर्सची सक्ती आहे. मुलगा मात्र त्यात सापडतो. त्यानं ऑनलाइन उरकून घ्यावा. दुसऱ्या राज्यांत ही तारीख चालेल असं धरू नका. कोलोरॅडोत १९४९ पासून पुढं जन्मलेल्या सगळ्यांना कोर्स आहे.

आता खरी मेख. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुकरासाठी टेक्सासनं २०१९ पासून शिकारीचं लायसन्सच काढून टाकलंय. मित्र म्हणतील, काका, कागद कशाला? त्यांना नको, तुम्हाला हवा. टुरिस्ट व्हिसावरच्या परदेशी माणसानं बंदूक हातात घेणं हाच तिथल्या केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यातून सुटायची सरळ वाट म्हणजे तिथलं शिकारीचं लायसन्स. मुलगा एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर त्यालाही हेच लागू. तेव्हा डुकरासाठी नको असलं तरी लायसन्स आधी काढा आणि खिशात ठेवा.

फौजींना माफी का, तर त्यांना हत्यार कळतं म्हणून. मला हे अर्धंच पटतं. रेंजवर हुकूम देणारा उभा असतो. झुडपात कोण ओरडणार? काटेरी तार ओलांडायची तर आधी गोळ्या काढायच्या, नळी आपल्यापासून पलीकडं करून बंदूक तारेखालून सरकवायची, मग आपण जायचं. मुरलेले जवान भरली बंदूक खांद्याला लावून तार चढताना पाहिलेत. मुलगा कोर्स करेल तेव्हा शेजारी बसा.

दक्षिण टेक्सासात आपले रोही, म्हणजे नीलगायीही दिसतील. १९३० च्या सुमारास किंग रँच नावाच्या तिथल्या मोठ्या गुरांच्या कुरणावर नेऊन सोडलेले, आता भरपूर झालेत. त्यांच्यासाठी लायसन्स सगळ्यांनाच लागतं.

आणि परत आल्यावर औशात हात शिवशिवले तर? इथं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. घरात परवान्याची बंदूक असली तरी डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. हरभरा तुडवला तर पंचनामा करून भरपाई मागा.