लहान मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला दरमहा १ डॉलर द्यावा की वर्षाचे १२ डॉलर एकदम?

एकदम द्या. कारण सगळं कार्डाच्या शुल्कात आहे. कार्डावरचे पैसे वळते करणाऱ्या स्ट्राइप कंपनीचा अमेरिकेतला नेहमीचा दर २.९ टक्के अधिक प्रत्येक व्यवहारामागे ३० सेंट. म्हणजे १ डॉलरमधले सुमारे ३३ सेंट वाटेतच जातात, वर्षभरात जवळजवळ ४ डॉलर. तेच १२ डॉलर एका व्यवहारात दिले तर कपात सुमारे ६५ सेंट. टक्का नव्हे, ते ठरावीक ३० सेंट छोटी देणगी खातात.

लिबरापे हे देणग्या पोचवणारं संकेतस्थळ स्वतः काही कापत नाही, पण कार्डाचं शुल्क लागतंच. म्हणून तिथेही वर्षाची रक्कम आगाऊ भरणं बरं. ओपन कलेक्टिव्ह या देणग्यांच्या संकेतस्थळावर जमाखर्च सर्वांना दिसतो, मात्र ओपन सोर्स कलेक्टिव्हसारखी, प्रकल्पाच्या वतीने पैसे ठेवणारी यजमान संस्था १० टक्के घेते (हिशेब आणि कागदपत्रं तीच सांभाळते, तेव्हा फार नाही).

अपवाद गिटहब स्पॉन्सर्सचा (गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरची देणगीची सोय): वैयक्तिक खात्यावरून दिलेल्या रकमेवर तिथे शुल्क नाही, त्यामुळे दरमहा १ डॉलरही चालतो. उलट, नियमित येणारे पैसे विकसकाला पुढचे महिने आखायला सोयीचे पडतात.