वाचकांचे प्रश्न : क्रमांकाचं बदक

वडिलांच्या कागदपत्रांत बदकाचं चित्र असलेलं एक कार्ड सापडलं. त्यावर ‘ला तूर दार्जां’ हे नाव आणि 58 हजार 600च्या आसपासचा क्रमांक आहे. इंटरनेटवर पाहिलं तर हा क्रमांक 1920च्या दशकातला निघतो. वडिलांचा जन्म 1941चा. 1986 ते 88 या काळात ते कंपनीच्या कामासाठी फ्रान्स आणि जपानला जाऊन आले होते. कार्ड जुन्या बाजारातून आणलं असेल का? – एक वाचक, पुणे

जुन्या बाजाराची शंका सोडा, आधी जपान तपासा. पॅरिसच्या या रेस्टॉरंटचा मालक फ्रेदेरिक दलेर याने 1890 साली दाबलेल्या बदकाला (भाजलेल्या बदकाचा सांगाडा दाबून निघालेल्या रक्ताच्या सॉसमध्ये वाढायचा पदार्थ) क्रमांक द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून बदक खाणाऱ्याला त्याच्या बदकाच्या क्रमांकाचं कार्ड मिळतं. थोरामोठ्यांचे क्रमांक जपून ठेवलेले असल्यामुळे कार्डाचा काळ ठरवता येतो. त्याच वर्षी इंग्लंडच्या युवराजाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, 328 क्रमांकाचं बदक मिळालं. 1921 साली जपानचे युवराज हिरोहितो यांना 53,211, 1929 साली फ्रँकलिन रूझवेल्टना 1,12,151 आणि 1948 साली राजकन्या एलिझाबेथना 1,85,397. दहा लाखावं बदक गेलं एप्रिल 2003मध्ये.

पॅरिसच्या हिशेबाने तुमचं कार्ड 1922च्या सुमाराचं ठरतं. पण 1984 साली टोकियोच्या न्यू ओतानी हॉटेलात याच रेस्टॉरंटची शाखा उघडली आणि तिथली मोजणी एकपासून न धरता हिरोहितोंच्या क्रमांकाच्या पुढून धरली गेली. म्हणजे 58 हजारांचं कार्ड टोकियोच्या सुरुवातीच्या वर्षांतलं असू शकतं, आणि वडिलांच्या प्रवासाशी तेच जुळतं. कार्डावर कुठे टोकियोचं नाव किंवा जपानी अक्षरं आहेत का, ते भिंगाने पाहा.

इतर कार्डांची तारीख काढताना सरसकट भागाकार करू नका. 1921 ते 29 या काळात वर्षाला सात हजारांवर बदकं खपली. 1929 ते 48 या काळात मंदी आणि महायुद्धामुळे हा आकडा चार हजारांच्याही खाली आला. 1948नंतरची सरासरी पंधरा हजारांच्या आसपास जाते, पण तीही 55 वर्षांची सरासरी आहे. मधल्या एखाद्या वर्षाचं नेमकं चित्र तिच्यातून कळत नाही.

हे रेस्टॉरंट 1582पासून चालू आहे, हे खरं का? – एक वाचक, डोंबिवली

तसं ते स्वतः सांगतात. कागद मात्र दाखवत नाहीत. तिसरा हेन्री राजा तिथे काट्याने जेवला आणि फ्रान्समध्ये काटा आला, ही गोष्टही त्याच पठडीतली. मुळात आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो, म्हणजे स्वतंत्र टेबल, पदार्थांची यादी आणि प्रत्येकाचा दर, ती चाल पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. त्याआधी होत्या खानावळी आणि सराया. नक्की धरून चालावं असं सगळं दलेरपासून पुढचं: 1911 साली आंद्रे तेराय यांनी ते विकत घेतलं, 1936 साली जेवणाचा दिवाणखाना सहाव्या मजल्यावर नेला (सेन नदी आणि नोत्र-दाम खिडकीतून दिसतात ते त्यामुळे), 1947पासून मुलगा क्लोद आणि 2006 साली तो वारल्यावर नातू आंद्रे. मिशलँ या रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन तारे 1996 साली दोन झाले, 2006 साली एक.

आमच्याकडे बकऱ्याची रक्ती करतात. शिजली की रक्त घट्ट होऊन त्याच्या वड्या पडतात. मग या बदकाचा रक्ताचा सॉस पातळ आणि गुळगुळीत कसा राहतो? घरी जमेल का? – एक वाचक, सोलापूर

प्रश्न अगदी मर्मावरचा. फरक आचेचा आणि ढवळण्याचा आहे. रक्तातली प्रथिनं 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतात. रक्तीत आपण ती मुद्दाम पूर्ण गोठू देतो. सॉसमध्ये ती अर्ध्यावर थांबवायची असतात. ताकाच्या कढीला सणसणीत उकळी आली की ती फुटते ना, तसाच हा सॉस फुटतो; बारीक तपकिरी कणी पडते आणि मग काही केल्या सांधत नाही.

त्यांची पद्धत अशी. सहा ते आठ आठवड्यांचं कोवळं बदक शालाँ भागातून येतं. रक्त अंगातच राहावं म्हणून ते गळा न कापता मारतात. असं मांस लवकर बिघडतं, त्यामुळे ते साठवून चालत नाही. कडक भट्टीत ते साधारण 20 मिनिटंच भाजतात. आत लालच राहतं. मग तंगड्या काढून बाजूला ठेवतात, त्या नंतर वेगळ्या भाजून दुसऱ्या फेरीत वाढतात. छातीच्या पातळ चकत्या करतात. उरलेला सांगाडा चांदीच्या दाबयंत्रात घालून वरचं चाक फिरवतात, आणि खालच्या तोटीतून रक्त आणि हाडांचा रस गळतो. तिकडे वाटलेली कलेजी, मदेरा (एक वाईन), कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) आणि मांसाचा निवळ रस्सा टेबलाजवळच्या शेगडीवर चढवलेला असतो. त्यात हा रस घालून सॉस दाट होईपर्यंत मंद आचेवर एकसारखा घोटतात. त्याला 20-25 मिनिटं सहज लागतात. चकत्या शेवटी त्यातच गरम होतात.

चुका बहुधा दोनच होतात. मद्य आधी आटवलं नाही तर त्याची आंबट धार रक्ताला गोठवते. किंवा घाईने आच वाढवली जाते.

घरी? आपल्याकडे बदक गळा कापून रक्त वाहू देऊनच मिळतं, त्यामुळे सांगाडा कितीही पिळला तरी पाणीदार रसच निघेल. चव जवळपास आणायची तर एका बदकाची कलेजी (50-60 ग्रॅम) बारीक वाटून गाळा. 100 मिली आटवलेला रस्सा आणि पेटवून मद्यार्क जाळून घेतलेली 30 मिली ब्रँडी कोमट करून त्यात ती मिसळा. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून घोटत 70 अंशांवर आणा आणि दोन मिनिटं तिथेच ठेवा. कच्च्या कलेजीने पोट बिघडतं. उतरवून 25 ग्रॅम थंड लोणी फेटा. छान लागतं. फक्त त्याला दाबलेलं बदक म्हणू नका.

जर्मनांपासून वाईन भिंतीआड लपवली होती म्हणे. ती आता मिळते का? – एक वाचक, मडगाव

क्लोद तेराय सांगत असत ती हकीकत अशी: जून 1940मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरण्याआधी सर्वोत्तम 20 हजार बाटल्यांपुढे भिंत बांधून घेतली. जर्मनांनी 1867च्या वाईनची मागणी केली, तेव्हा ती पिऊन संपली असं सांगितलं. ही 1867ची वाईन कॅफे आंग्ले या दुसऱ्या नामांकित रेस्टॉरंटच्या तळघरातून आलेली. तिथल्या मालकाची मुलगी आंद्रे तेराय यांची बायको होती. त्याच कॅफेत 7 जून 1867 रोजी रशियाचा झार, त्याचा मुलगा आणि प्रशियाचा राजा विल्हेल्म एका टेबलावर जेवले होते.

नेमक्या त्या बाटल्या बाहेर मिळणं कठीण. डिसेंबर 2009मध्ये मात्र तळघरातल्या सुमारे साडेचार लाख बाटल्यांपैकी 18 हजार लिलावात निघाल्या, त्यात 1788 सालची कोन्याकही होती. लिलावातली बाटली घ्यायचीच झाली तर आधी बुचाखालची पातळी पाहा; ती मानेच्या खाली घसरली असेल तर लेबल कितीही देखणं असो, पैसे घालू नका.