मिश्र चारा पेरण्याआधी

ओट, सातू (जव), ट्रिटिकेल (गहू आणि राय यांच्या संकराचं धान्य) एकत्र पेरलं की चारा दुप्पट होईल, ही आशा आधी सोडा. नुसत्या तृणधान्यांचं मिश्रण बहुतेक वेळा त्यातल्या चांगल्या पिकाच्या आसपासच उत्पन्न देतं. फायदा असतो तो खात्रीचा: एखाद्यावर तांबेरा रोग आला, तर दुसरं सावरून घेतं.

म्हणून वाण निवडताना निसवण्याचा, म्हणजे कणीस बाहेर पडण्याचा काळ जुळवा. लवकर येणाऱ्या सातूसोबत उशिराचा ओट घेतलात, तर एक पीक जरड होतं तेव्हा दुसरं अजून पोटरीत (कणीस पानाच्या आवरणातच) असतं. सातूची वाळलेली कुसळं जनावरांच्या तोंडाला टोचतात, शक्यतो बिनकुसळी वाण घ्या.

सगळा चारा सुधारतो किंवा बिघडतो तो कापणीच्या वेळेवर. पोटरीत कापलात तर प्रथिनं जास्त, वजन कमी. मूरघासासाठी (हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) मात्र दाणा चिकातून पुढे सरकू द्या. नखानं दाबून बघा. दूध न उडता मऊ, पिठूळ गर निघाला की विळा लावा.

दुभत्या जनावरांसाठी प्रथिनं वाढवायची असतील तर सोबत वाटाणा पेरा आणि नत्र हात राखून द्या, नाहीतर तृणधान्य माजतं आणि वाटाणा दबतो. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात जनावरांना विषारी ठरणारं नायट्रेट साठू शकतं. असा चारा तपासून घेतल्याशिवाय गव्हाणीत टाकू नका.