पहिली मुलाखत घेण्याआधी

पहिली मुलाखत घ्यायची या विचारानेच पोटात गोळा येतो म्हणालात, येऊ द्या. इतक्या वर्षांनंतर मलाही येतो, आणि तो आला की तयारी नीट होते.

कॅमेरा, दिवे, संकलन हे सगळं सध्या बाजूला ठेवा. आधी तबस्सुम यांच्या मुलाखती शोधून बघा. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम. तो १९९३ पर्यंत चालला. समोर सिनेमातली मोठमोठी माणसं, पण बाईंच्या बोलण्यात दडपण नाही. बालकलाकार म्हणून त्या त्याच जगात वाढल्या होत्या, पाहुण्याचं काम त्यांना आतून ठाऊक होतं. तुम्हाआम्हाला ती ओळख अभ्यास करूनच मिळवावी लागते.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- प्रश्न लिहून न्या, पण वाचून दाखवू नका. नवखे हमखास इथेच घसरतात. पाहुणा मनातलं काहीतरी बोलून जातो आणि यांची नजर कागदावरच्या पुढच्या प्रश्नावर! ‘मग काय झालं?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.
- पाहुणा थांबला की लगेच बोलू नका. तीन-चार सेकंद जाऊ द्या. खरं उत्तर बऱ्याचदा त्यानंतर येतं.
- नावाचा उच्चार आधी विचारून घ्या.

पहिल्या काही मुलाखती घरातल्याच माणसांच्या घ्या. आजी असेल तर फारच छान. नंतर रेकॉर्डिंग ऐका आणि त्यात तुमचा आवाज किती मिनिटं आहे ते मोजा.