स्कोअर वर आहे, म्हणजे विद्यापीठ 'सेफ' झालं का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९६ टक्के, एसएटीला (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) १६०० पैकी १५२०. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स करायचं म्हणते. यादीतली इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन) आणि वॉशिंग्टन (सिअॅटल) ही दोन विद्यापीठं आम्ही 'सेफ', म्हणजे प्रवेश हमखास मिळेल अशी, धरली आहेत, कारण तिचे मार्क तिथल्या सरासरीच्या वर आहेत. बरोबर आहे का?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. ही दोन्ही सेफमधून आजच काढा.

इथल्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप (सामाईक प्रवेश) फेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम, म्हणजे ऑप्शन फॉर्म, भरताना नुसता 'सांगलीच्या वालचंद कॉलेजचा कटऑफ किती?' असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. कॉम्प्युटरचा की सिव्हिलचा, ओपनचा की ओबीसीचा, ती नेमकी ओळ शोधतात. अमेरिकेचं नाव निघालं की मात्र अख्ख्या विद्यापीठाचा आकडा धरून बसतात. अर्बाना-शॅम्पेनचं एकूण प्रवेशाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असतं, पण कॉम्प्युटर सायन्सचं १० टक्क्यांच्याही खाली. सिअॅटलला या विषयात त्यांच्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप मिळतं. बाहेरच्या शंभरात पाचांनाही जागा मिळत नाही. 'आधी दुसरा विषय घेऊ, मग बदलू' ही वाटही दोन्हीकडे जवळपास बंद आहे.

१५२० चांगलाच आहे. पण भारतातून हाच विषय मागणाऱ्या पुष्कळ मुलांकडे तो असतो. त्यातून सिअॅटलला एसएटी सक्तीची नाही, म्हणजे तिथे या स्कोअरवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क पाहिले जातात. आपल्याकडे अकरावी 'रेस्ट इयर' म्हणून जाते. क्लासच्या मागे लागून कॉलेजच्या परीक्षेत ६५ टक्के पडलेले असतात आणि तेच मार्कशीट तिकडे पोचतं. दहावीच्या ९६ टक्क्यांनी ते झाकलं जात नाही. तिची अकरावीची मार्कशीट काढून एकदा नीट बघा.

प्रत्येक विद्यापीठाच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (विद्यापीठाने जाहीर केलेला प्रवेश, खर्च वगैरेंचा तक्ता) घालून गूगलवर शोधा. 'सी १' मध्ये किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश मिळाला हे असतं. परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी ओळ भरलेली असेल तर तीच तुमची. 'एच ६' मध्ये परदेशी मुलांना आर्थिक मदत मिळते का, किती जणांना मिळाली, ते दिसतं. विषयवार आकडा मात्र बहुधा तिथे नसतो. तो विभागाच्या पानावर शोधावा लागतो.

आता पैशाचं. या दोन्ही सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या मुलाचा वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलरच्या घरात किंवा त्याहून जास्त जातो, म्हणजे ५० लाखांच्या वर. गरजेनुसार मदत परदेशी मुलांना जवळपास नाहीच. प्रवेश मिळूनही फी भरता येणार नसेल, तर ते सेफ कसलं?

सेफ म्हणायला तीन गोष्टी लागतात : प्रवेश जवळपास ठरलेला, खर्च झेपणारा, आणि तिथे जायला मुलीची खरोखर तयारी. अॅरिझोना स्टेटसारखी विद्यापीठं निकष आधीच जाहीर करतात. इंजिनीअरिंगचे निकष वेगळे असतात, तेच वाचा. अर्ज लवकर केला तर उत्तरही लवकर येतं. स्कॉलरशिप वजा करून खर्च बसतो का, ते अर्ज करण्याआधीच मांडून पाहा.

प्रश्न : २५ टक्के प्रवेश देणाऱ्या पाच ठिकाणी अर्ज केले, तर एक तरी लागेलच ना?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : कागदावर ७६ टक्के शक्यता येते. पण हा हिशोब नाण्याच्या फेकींसारखा आहे, एका निकालाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं धरून केलेला. पाचही ठिकाणी तुझी तीच मार्कशीट, तोच निबंध, तीच शिफारसपत्रं जाणार. एकाला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकू शकतं. आणि हा २५ टक्क्यांचा आकडा सगळ्यांचा मिळून आहे, तुझ्या विषयाचा नाही. तेव्हा या पाचांना 'टार्गेट' (मिळेलही, हुकेलही अशी) म्हण आणि खाली एक खरं सेफ जोड.

दोघांसाठीही : अमेरिकेचे नियमित निकाल मार्चअखेरपर्यंत येतात, आणि एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरायची मुदत साधारण त्याआधीच संपते. फॉर्म भरून ठेवा. आणि इथेही वालचंदच्या कॉम्प्युटरला सेफ धरू नका. कोल्हापूरच्या केआयटी किंवा आणखी एखाद्या कॉलेजची, मागच्या वर्षीच्या कटऑफमध्ये आरामात बसणारी ब्रँच खाली ठेवा.