प्रयोगशाळेत डायइथाइल ईथर वापरताना ‘सांभाळून’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी वनस्पतीचा अर्क ईथर या चटकन उडणाऱ्या, चटकन पेटणाऱ्या द्रावकाने काढायचा आहे, लॅबमध्ये एकच फ्युम हूड (वाफ पंख्याने बाहेर ओढणारं काचेचं कपाट) आहे, कपाटात ईथरची एक जुनी बाटली आहे आणि गाइड ‘सांभाळून कर’ एवढंच सांगून गेलेत. मी विदर्भातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं ऑर्गॅनिकची प्रॅक्टिकल्स घेते. ‘सांभाळून’ म्हटल्याने हातांना काय करायचं ते कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ती जुनी बाटली. तिला हात लावू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचा, पण एवढं आजच पाळा. बाटली उघडल्यावर ईथरचा हवेशी आणि उजेडाशी संबंध येत राहतो आणि त्यात हळूहळू पेरॉक्साइडं, म्हणजे स्फोटक संयुगं, तयार होतात. ती ईथरपेक्षा जड आणि कमी उडणारी असतात. ईथर उडत जातं, ती मागे साचत जातात. कधी तळाशी तेलासारखा थर दिसतो, कधी झाकणाच्या आट्यांत पांढरे खडे धरतात. असं झाकण नुसतं पिळलं तरी त्या घर्षणाने स्फोट होऊ शकतो.

आमच्याकडे नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हणून कपाटं आवरायला काढली होती. मागच्या रांगेत एक तपकिरी बाटली निघाली, लेबल अर्धं उडालेलं. झाकणाखाली गळ्याभोवती साखर पाझरून वाळावी तशी पांढरी कड. लॅबमधले काका फडकं घेऊन झाकण धरायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. खोली रिकामी केली, कुलूप घातलं, प्राचार्यांना सांगितलं आणि पोलिसांचं बॉम्बशोधक पथक येऊन बाटली घेऊन गेलं. काहींना तो फार गाजावाजा वाटला. मला अजूनही तसं वाटत नाही.

तुमच्या बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल, खडे दिसत असतील, तळाशी थर असेल किंवा झाकण घट्ट बसलं असेल, तर पेरॉक्साइडची चाचणीसुद्धा करायची नाही. खोली बंद करून वरिष्ठांना कळवायचं, बस. चाचणी असते ती ओळखीच्या, स्वच्छ दिसणाऱ्या बाटलीसाठी: ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडच्या १ मिलीत चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड घालायचं, त्यात १ मिली ईथर टाकून हलवायचं. फिकट पिवळा रंग आला तर थोडं पेरॉक्साइड आहे, तपकिरी आला तर बरंच आहे. तयार पट्ट्याही मिळतात. रंग आला की आम्ही ते ईथर वापरत नाही, ऊर्ध्वपातन तर मुळीच करत नाही. प्रोजेक्टसाठी नवी, लहान बाटली मागवा, बीएचटी (पेरॉक्साइड बनणं रोखणारं रसायन) घातलेली. ती उघडाल त्या दिवशीच तारीख मार्करने लिहा आणि सहा महिन्यांनी, उरली असली तरी, निकालात काढा.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. तुमच्या पद्धतीत लिहिलंय ते डायइथाइल ईथर आहे की पेट्रोलियम ईथर? वनस्पतींच्या अर्कासाठी, विशेषतः सॉक्सलेटमध्ये (तेच द्रावक पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण), बहुतेक ठिकाणी पेट. ईथर म्हणजे पेट्रोलियम ईथर वापरतात. त्याच्या नावात ईथर आहे एवढंच, ते हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे आणि त्यात अशी पेरॉक्साइडं साचत नाहीत. पेटतं तेही जोरात, पण दोन्हींची काळजी वेगळी. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हा घोळ करून स्टोअरमध्ये चुकीची बाटली मागतो. गाइडना आधी हे स्पष्ट विचारा.

डायइथाइलच असेल तर पुढचं वाचा.

मी एम.एस्सी.ला असताना माझी मैत्रीण वॉटर बाथवर बीकरमधलं ईथर उडवत होती. बाथ आधी गरम करून बर्नर विझवलेला, म्हणजे आम्हाला शिकवलं होतं त्याप्रमाणे सगळं बरोबर. तिच्यापासून दोन टेबलं पलीकडे एका मुलाने मेल्टिंग पॉइंट घ्यायला थील ट्यूबखाली (त्यासाठीची तेल भरलेली काचेची नळी) बर्नर पेटवला. मला आठवते ती निळसर ज्योत. ती हवेतून उडत आली नाही, टेबलाच्या कडप्प्यावरून सांडलेल्या पाण्यासारखी सरपटत आली, कडेवरून खाली उतरली, पुन्हा वर चढली आणि बीकरच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मैत्रिणीच्या भुवया आणि पुढचे केस गेले. चेहरा वाचला, कारण त्याच क्षणी ती वही घ्यायला वळली होती.

ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते, म्हणून ती वर न जाता टेबलावरून, फरशीवरून, गटाराच्या जाळीतून वाहत जाते. वाट मिळाली की चार-पाच मीटरही जाते. तिकडे ठिणगी भेटली की ज्वाला त्याच वाटेने उलटी येते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असतानाच पेटते. ईथर जवळपास २ पासून ३६ टक्क्यांपर्यंत पेटतं. हिशेब करून पाहा: १०० मिली ईथर सांडलं तर त्याची साधारण २४ लिटर वाफ होते आणि तेवढ्याने सव्वा घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होते. घरातल्या लोखंडी कपाटात मावते त्याहूनही जास्त हवा ही.

ज्योतच लागते असंही नाही. साधारण १६० ते १८० अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागावर ईथर आपोआप पेटतं आणि साध्या हॉट प्लेटचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून ईथर असताना हॉट प्लेट नाही, हीटिंग मँटल नाही, ओव्हन चालू नाही, हूडमध्ये एक्स्टेंशन बोर्ड नाही. बटण बंद करतानाही ठिणगी पडते, तेव्हा स्विच आधीच बंद करून ठेवायचे. त्या दिवशी खोलीत दुसऱ्या कुणाचंही बर्नरवरचं काम नको. दारावर कागद लावा आणि तोंडानेही सांगा. कागद कुणी वाचत नाही.

फ्रिजबद्दल लोक हमखास विचारतात. घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवायचं नाही. ईथरचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेटण्याइतकी सुटू लागते ते तापमान) उणे ४५ अंश आहे, म्हणजे फ्रीझरमध्येही वाफ पेटण्याइतकी होते. आत थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण असतं. बंद पेटी, आत वाफ, आत ठिणगी. पेरॉक्साइड तर थंडीतही थांबत नाहीत.

आता उन्हाळा. हे पुस्तकांत नसतं, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि बंद लॅब दुपारी ३८-४० वर असते. म्हणजे ईथर बाटलीतच उकळायला टेकलेलं असतं. झाकण उघडलं की सोड्याच्या बाटलीसारखं फसफसून वर येतं. बाटली बंद असतानाच बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, बाहेरून पुसा, हूडमध्ये हळूहळू उघडा.

कंडेन्सरचंही तेच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलं कोमट असतं, कधी ईथरच्या उत्कलनबिंदूच्याही वर. ते फिरवून ईथर थंड कसं होणार? वाफ कंडेन्सरमधून सरळ खोलीत येते. आम्ही बादलीत बर्फ टाकून कूलरच्या पंपाने पाणी फिरवतो. मात्र पंपाचा प्लग आणि स्विच फरशीजवळ ठेवू नका, वाफ तिथेच येऊन बसते. लांब वायर घेऊन दुसऱ्या भिंतीवरच्या उंच बोर्डाला जोडा. माझा सल्ला विचाराल तर मार्च ते जून ईथरचं काम सकाळी आठ ते दहा या वेळेतच करा.

आणि वीज. लाइट गेली की हूडचा पंखा थांबतो. त्या क्षणी काम थांबवून फ्लास्कला बूच लावायचं, हूडची काच खाली करायची आणि खोलीबाहेर पडायचं. लाइट परत येते तेव्हा चालू राहिलेलं प्रत्येक उपकरण स्वतःहून सुरू होतं आणि वाफ अजून तिथेच असते.

सेपरेटिंग फनेल (न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायचं, खाली कॉक असलेलं काचेचं भांडं) हलवताना हाताच्या उबेनेच आत दाब वाढतो. बायकार्बोनेटने धूत असाल तर कार्बन डायऑक्साइडची भर पडते. एकदा उलटं करा, बूच तळहाताने दाबून धरा, लगेच कॉक उघडून वाफ सोडा. नळीचं टोक हूडच्या आतल्या भिंतीकडे ठेवा, शेजारच्याच्या तोंडाकडे नको. पहिल्या चार-पाच वेळा दरवेळी वाफ सोडा, ‘फुस्स’ आवाज कमी झाला की मग जोराने हलवा. शेवटी ईथर उडवताना फ्लास्क पूर्ण कोरडा करू नका, निदान दहावा हिस्सा राहू द्या. पेरॉक्साइडं असतील तर ती नेमकी त्या शेवटच्या थेंबांत गोळा होतात. कोरडा अर्क हवाच असेल तर आधी चाचणी करून घेतलेलं ईथरच वापरा आणि शेवटचा भाग हूडमध्ये, उष्णता न देता उडू द्या. उरलेलं ईथर बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते पाण्यावर तरंगतं आणि वाफ पाइपातून दुसऱ्याच्या टेबलाखाली निघते. वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करा. कॉलेजने तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडे द्यायला हवा.

कपड्यांबद्दल थोडं थांबून सांगते. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शहरबानो संगजी ही २३ वर्षांची मुलगी टर्शरी ब्युटिललिथियम सिरिंजने काढत होती. दट्ट्या निसटला. ते द्रव्य हवा लागताच पेट घेतं. तिच्या अंगात सिंथेटिक स्वेटर होता, लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २००९ ला ती गेली. रसायन वेगळं होतं, पण पेटलेलं सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं हे तुमच्या टेरिकॉटच्या शर्टालाही, पॉलिएस्टरच्या ओढणीलाही लागू आहे. सुती कपडे, सुती कोट, बटणं लावलेली, ओढणी बाहेर ठेवून, केस बांधून, बंद बूट, गॉगल. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ईथर लवकर आरपार जातं, तेव्हा त्यावर सांडलं की लगेच बदला.

छोट्या बीकरमध्ये पेटलं तर वर काचेची मोठी वॉच ग्लास सरकवा, हवा तुटली की विझतं. पाणी टाकू नका, पेटतं ईथर पाण्यावर तरंगत पसरतं. त्याहून मोठं असेल तर कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, तेही दार तुमच्या पाठीशी असेल तरच. नाहीतर बाहेर पडा. कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, सेफ्टी शॉवर असेल तर त्याखाली उभं राहायचं. सिलिंडरवरची भरल्याची तारीख आणि शॉवरला पाणी येतं का, हे काम सुरू करायच्या आदल्या दिवशी स्वतः बघा.

आणि हे काम एकट्याने, सुट्टीच्या दिवशी, रात्री कधीही नाही. दुसरं माणूस खोलीत हवं, आणि सिलिंडर कुठे आहे ते त्यालाही माहीत हवं.

हे सगळं वाचून ‘एवढं करण्यापेक्षा दुसरं काही वापरू का?’ असं वाटलं, तर मला फार बरं वाटेल. पुष्कळ अर्कांना इथाइल ॲसिटेट चालतं. ते ७७ अंशांना उकळतं आणि पेरॉक्साइडची काळजी नसते. पेटतं तेही, पण मेच्या दुपारी बाटलीत उकळत नाही. आधी १०-२० मिलीवर करून, टीएलसीवर (अर्कातले घटक वेगवेगळ्या डागांत दाखवणाऱ्या प्लेटवर) डाग जुळतात का ते पाहा आणि प्लेट घेऊन गाइडकडे जा. तोंडी विनंतीपेक्षा प्लेट दाखवलेली लवकर पटते.

त्या कपाटातल्या बाटलीवर काय लिहिलंय ते लांबूनच, न हलवता वाचता आलं तर इथे खाली कळवा. गळ्याभोवती काही दिसतंय का, तेही सांगा.