प्रश्न तुमचे : कमी ताकदीच्या लॅपटॉपला कोणती ऑपरेटिंग सिस्टिम?

प्रश्न : सेलेरॉन एन4020, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी (डिस्कच्या जागी असणारी साठवणीची चिप) असलेला लॅपटॉप मुलीच्या अभ्यासासाठी घेतला. त्यात विंडोज 11 आहे. वर्षभरातच डिस्क भरली, अपडेट 0x80070070 असा आकडा दाखवून थांबतं. वापर ब्राउझर, यूट्यूबवरची लेक्चर्स आणि मराठी टायपिंग एवढाच. लिनक्स टाकावं का? कोणतं? (लातूर)

टाकावं. तुमच्या वापराला लिनक्स मिंट 22 ची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती योग्य राहील. तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

तो आकडा फक्त 'जागा नाही' एवढंच सांगतो. 64 जीबी आणि 4 जीबी रॅम ही विंडोज 11 ची किमान अट आहे. नेमकं तेवढंच दिलेलं असल्यामुळे अपडेट उतरवून उलगडायला मोकळी जागा उरत नाही. शिवाय विंडोज नुसतं सुरू असताना निम्म्याहून जास्त रॅम अडवतं, म्हणून ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन अडखळतं. मिंट एक्सएफसीई साधारण एक जीबीच्या आत राहतं आणि वाचलेली रॅम ब्राउझरला मिळते. सेलेरॉन त्याने वेगवान होणार नाही, पण तुमचा खोळंबा रॅममुळे होतोय, प्रोसेसरमुळे कमी.

किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रॅमने त्यावर लिहा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बूट मेनूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याची यादी) लेनोवो आणि डेलवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9 दाबा. एसरवर एफ12 आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू असेल तर आधी बंद करा आणि कामाच्या फाइली बाहेर काढून ठेवा. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे उद्या परत विंडोज टाकलं तरी ते आपोआप सक्रिय होईल.

लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून अर्धा तास वापरा. वाय-फाय लागतं का, स्पीकरमधून आवाज येतो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे पाहा. झाकणाची परीक्षा बरेच जण विसरतात आणि नंतर पस्तावतात. वाय-फाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टिदरिंग' चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि त्या नेटवर 'ड्रायव्हर मॅनेजर' हवा तो ड्रायव्हर शोधतो.

इन्स्टॉल करताना डिस्कच्या नावांनी गोंधळ होतो. ईएमएमसीचं नाव 'एमएमसीबीएलके0' असं दिसतं आणि 'एसडीए' हा तुमचा पेन ड्राइव्ह असतो. ओळखीचं वाटतं म्हणून एसडीए निवडू नका. 'एमएमसीबीएलके0बूट0' अशी छोटी नावंही दिसतील, त्यांना हात लावू नका. 64 जीबीमध्ये विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोहही टाळा; दोन्हींची जागा अपुरी पडते. 'इरेज डिस्क' निवडा आणि मल्टिमीडिया कोडेक्सच्या (व्हिडिओ-ऑडिओ चालवणाऱ्या सामग्रीच्या) चौकटीत खूण करा.

नंतरची तीन कामं मात्र आवर्जून करा. एक, 'टाइमशिफ्ट' हा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर सिस्टिमच्या प्रती साठवतो आणि काही आठवड्यांत 64 जीबी पुन्हा भरतात, म्हणून एकच प्रत ठेवा. दोन, 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये एकच प्रोग्रॅम 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' अशा दोन रूपांत मिळत असेल तर पहिलं घ्या. फ्लॅटपॅकसोबत येणारी जोड-सामग्री एखाद-दोन जीबी सहज खाते. तीन, 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज टाका. ते रॅमचाच काही भाग दाबून साठवण्यासाठी वापरतं, त्यामुळे 4 जीबी बरंच ताणता येतं. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये पद्धत झेडएसटीडी आणि प्रमाण 50 ठेवा. त्या ओळींच्या सुरुवातीचं हॅश चिन्ह काढायला विसरू नका, नाहीतर तुमचा बदल लागूच होत नाही.

लेक्चर अडखळत असेल तर कारण बहुधा व्हिडिओच्या प्रकारात असतं. एन4020 ची ग्राफिक्स चिप एच.264 आणि व्हीपी9 या प्रकारचे व्हिडिओ स्वतः उलगडते, पण एव्ही1 नाही. एव्ही1 आलं की सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. फायरफॉक्सच्या 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'मीडिया.एव्ही1.एनेबल्ड' हे 'फॉल्स' करा आणि 720पी वर पाहा.

मराठीसाठी सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट असं जा. 'यूज सिस्टिम डीफॉल्ट्स'वरची खूण काढल्याशिवाय नवा लेआउट जोडता येत नाही. मग भारतीय यादीतून मराठी इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसार चालणारा मराठी लेआउट घ्या. 'दऱ्या', 'सुऱ्या' यातला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये असा येतो : शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. मुलीला इनस्क्रिप्टच शिकवा. तीच मांडणी विंडोजवरही असते, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

प्रश्न : गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स मिंटहून हलकं नाही का? (पणजी)

घरातल्या ज्येष्ठांना फक्त ब्राउझर लागत असेल तर फ्लेक्स चांगलं आहे. त्यात बिघडण्यासारखं फार कमी असतं. किमान 4 जीबी रॅम आणि 16 जीबी जागा लागते. अँड्रॉइडची अॅप्स मात्र त्यात चालत नाहीत, आणि क्रोमबुक समजून टाकणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसली जाते. नेट नसताना बरंच काम करायचं असेल तर मिंटच घ्या.

प्रश्न : अॅटम एक्स5-झेड8350, 2 जीबी रॅम, 32 जीबी ईएमएमसी. मिंटचा पेन ड्राइव्ह लावला तर बूट मेनूत दिसतच नाही. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर चालतो. (चिपळूण)

पेन ड्राइव्हमध्ये दोष नाही. या पिढीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये प्रोसेसर 64 बिटचा, पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) 32 बिटचं असतं. विंडोजच्या 'अबाउट'मध्ये '32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स64-बेस्ड प्रोसेसर' असं लिहिलेलं असेल आणि 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड 'यूईएफआय' असेल, तर तुमचं मशीन याच जातीचं आहे. असं यूईएफआय पेन ड्राइव्हवरच्या ईएफआय, बूट या फोल्डरात 'बूटआयए32.ईएफआय' ही फाइल शोधतं. ती नसेल तर त्याच्या लेखी पेन ड्राइव्ह कोराच.

डेबियन या दुसऱ्या लिनक्सची 64 बिट आयएसओ घ्या, लिहून झाल्यावर ती फाइल आहे ना ते पाहा आणि मगच पुढे जा. डेबियन 12 पासून वाय-फाय वगैरेचं फर्मवेअर अधिकृत आयएसओतच असतं, हा मोठा फायदा. इन्स्टॉलर रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड विचारेल तेव्हा ती जागा रिकामी सोडा, म्हणजे तुमच्याच खात्याला 'सुडो'चे (प्रशासकाचे) अधिकार मिळतात. डेस्कटॉप निवडताना गनोमची खूण काढून हलका एलएक्सक्यूटी घ्या. वर सांगितलेलं झेडरॅम इथे अत्यावश्यक आहे. तरीही 2 जीबीमध्ये एका वेळी दोन-तीन टॅब हीच मर्यादा समजा; रॅम बोर्डावरच डकवलेली असते, वाढवता येत नाही. लिहिणं, पीडीएफ वाचणं, हिशेब ठेवणं यासाठी मात्र ते अजून बरीच वर्षं चालेल.

प्रश्न : जिओबुकवर विंडोज किंवा मिंट टाकता येईल का? (नाशिक)

नाही. 2023 च्या जिओबुकमध्ये मीडियाटेकची एआरएम चिप आहे आणि आपल्याला सहसा मिळणाऱ्या आयएसओ इंटेल-एएमडीसाठी असतात. दुकानदार 'करून देतो' म्हणाला तरी पैसे देऊ नका.

प्रश्न : डीटीपीचं काम श्रीलिपीवर आणि हिशेब टॅलीवर. लॅपटॉप 4 जीबीचा, 128 जीबी एसएसडी. लिनक्स चालेल? (सांगली)

तुम्ही विंडोजवरच राहा. दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहेत. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) ती चालवण्याची खटपट करता येते, पण डोंगल, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन यांपैकी एक जरी अडलं तरी गिऱ्हाइकाचं काम थांबतं. त्याऐवजी टास्क मॅनेजरमधून सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद करा आणि 'स्टोरेज सेन्स' (नको असलेल्या फाइली आपोआप पुसणारी सोय) चालू ठेवा. लॅपटॉपमध्ये रॅमचा मोकळा स्लॉट असेल तर आणखी 4 जीबी बसवून घ्या. आधी टास्क मॅनेजरच्या 'मेमरी' पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहा : '1 ऑफ 2' असेल तर बहुधा जागा आहे, तरी खरेदीआधी मागचं झाकण उघडून खात्री करा. रॅम डीडीआर4 असो वा डीडीआर5, आताच्या पट्टीच्याच प्रकाराची घ्या.